दोन ग्रॅमची पाकोळी

मराठीत फळांवर जगणाऱ्या मोठ्या वटवाघळांपासून वळचणीला लटकणाऱ्या लहानग्या कीटकभक्षी जाती वेगळ्या दाखवण्यासाठी ‘पाकोळी’ हा शब्द रूढ आहे, आणि थायलंडच्या पश्चिमेस कांचनाबुरी प्रांतातील चुनखडीच्या गुहांत राहणाऱ्या ‘किट्टीच्या वटवाघळा’ला तोच शोभतो. डोक्यापासून धडाच्या टोकापर्यंत जेमतेम 29 ते 33 मिलिमीटर लांबीचा आणि सुमारे 2 ग्रॅम वजनाचा, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही हलका, असा हा सस्तन प्राणी 1973 पर्यंत शास्त्राला अज्ञात होता.

ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते थाई प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांचा मुंबईशीही एक धागा जुळतो. अँगस हटन यांनी 1948 मध्ये दक्षिणेकडील हाय वेव्ही डोंगरात पकडलेले एक फलाहारी वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका सामान्य जातीच्या नावाखाली दोन तपे पडून होते. त्याचे दात आणि कवटी त्या जातीशी जुळत नाहीत हे किट्टी यांनी ओळखले आणि 1972 मध्ये नवी प्रजाती स्थापून तिच्यातील या जातीला सलीम अली यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी साई योक येथील गुहांत त्यांना ही पाकोळी सापडली. त्यांनी नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड्‌स हिल यांच्याकडे पाठवले, परंतु फेब्रुवारी 1974 मध्ये किट्टी यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले वर्णन त्यांना पाहता आले नाही. हिल यांनी तिला केवळ नवी जाती न ठरवता तिच्यासाठी ‘क्रेसिओनिक्टेरिडी’ हे स्वतंत्र कुळच निर्माण केले, ज्यात आजही ही एकच जाती आहे, आणि जातिनामात किट्टी यांचे आडनाव गुंफले.

तिचे रूप जवळून पाहिले म्हणजे स्वतंत्र कुळाचे कारण पटते. मुस्कट डुकरासारखे, जाड आणि पुढे आलेले; कान शरीराच्या मानाने मोठे; डोळे मात्र केसांत जवळजवळ बुडालेले. अंगावरचे केस वरच्या बाजूला तांबूस तपकिरी किंवा करडे असतात, पोटाकडे फिके होतात. बाहेर दिसणारे शेपूट नाही, तरी मागच्या पायांमध्ये रुंद पडदा ताणलेला असतो, आणि इतर अनेक वटवाघळांत त्या पडद्याला घोट्यापाशी आधार देणारी कुर्चेची काडी येथे आढळत नाही. पंखांची टोके लांब असल्याने तिला हवेत एका जागी थबकता येते. जगातील सर्वांत लहान सस्तन प्राणी हा मान तिला द्यावा की वजनाने तितक्याच हलक्या एट्रुस्कन चिचुंद्रीला, हा वाद मोजपट्टी लावावी की तराजू, एवढ्यापुरताच आहे.

या मानानेच तिचे नुकसान केले, असे म्हणावे लागते. ती राहते ते ख्वे नोई नदीचे खोरे तोवर दुसऱ्या महायुद्धात, 1942-43 मध्ये, जपान्यांनी युद्धकैदी व आशियाई मजूर राबवून बांधलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी कुप्रसिद्ध होते, आणि तो मार्ग पाहायला पर्यटक येतच होते. आता त्यांना आणखी एक आकर्षण मिळाले. संग्रहालयांसाठी नमुने गोळा होऊ लागले, पर्यटकांना मेलेल्या पाकोळ्या आठवणवस्तू म्हणून विकल्या गेल्या आणि गुहांतली वर्दळ वाढली. शोधाचा गाजावाजा आणि शोधलेल्याचे हित यांचा मेळ क्वचितच बसतो.

साई योक राष्ट्रीय उद्यान 1980 मध्ये घोषित झाले, पण कित्येक गुहा उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत. 2001 मध्ये म्यानमारातही ही जाती आढळल्यावर तिचा प्रदेश समजुतीपेक्षा मोठा असल्याचे कळले, मात्र दोन्हीकडच्या पाकोळ्यांच्या ध्वनिलहरींत फरक दिसल्याने एकीकडच्या तुटवड्याची भरपाई दुसरीकडून होईल असे मानता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे जातींच्या धोक्याची प्रतवारी लावणाऱ्या नोंदवहीत, 2008 मध्ये ती ‘असुरक्षित’ होती; 2019 मध्ये ‘संकटसमीप’ या सौम्य वर्गात आली.

वर्ग सौम्य झाला, जगण्याची तऱ्हा तीच राहिली. संध्याकाळी सुमारे अर्धा तास आणि पहाटे वीसेक मिनिटे एवढाच तिचा शिकारीचा वेळ, तोही जोराचा पाऊस किंवा थंडी असेल तर हुकतो. म्हणून गुहेजवळचे रान शाबूत असणे तिला अगत्याचे आहे. कोकणात राब भाजतात तसा तिकडेही पेरणीआधी रान जाळण्याचा प्रघात आहे. ती आग उन्हाळ्याच्या अखेरीस लागते, आणि मादीला वर्षातून एकच पिल्लू होते ते त्याच सुमारास.