सुवर्ण-क्रोनोग्राफ घड्याळें व त्यांचा पुरावा

जुने कागद जमविणाऱ्यांस सोन्याच्या घड्याळांचा संग्रह हा केवळ धनिकांचा छंद वाटण्याचा संभव आहे. परंतु जुनें क्रोनोग्राफ मनगटी घड्याळ हा एक दस्तऐवजच होय, आणि परीक्षेचे जे नियम कागदास तेच त्यासहि लागू पडतात, असें आमचें मत आहे. पाटेक फिलिप या जिनिव्हा येथील पेढीचा १५१८ क्रमांकाचा नमुना घेऊन तें येथें मांडतों.

‘क्रोनोग्राफ’ या ग्रीक मूळच्या शब्दाचा अर्थच ‘काल लिहिणारा’ असा आहे. निकोला र्‍यूसेक यानें १८२१ सालीं पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतींत वापरलेलें यंत्र तबकडीवर खरोखरीच शाईचा ठिपका उमटवीत असे. पुढें शाई गेली. कळ दाबतांच चालणारा, थांबणारा व शून्यावर परतणारा कांटा आला. नांव मात्र तेंच राहिलें.

१५१८ हा नमुना १९४१ सालीं निघाला. क्रोनोग्राफ आणि लीपवर्षाचाहि हिशेब आपोआप राखणारी दिनदर्शिका यांचा संयोग असलेलें, एका नमुन्याबरहुकूम अनेक प्रतींत तयार झालेलें हें पहिलें मनगटी घड्याळ होय. १९५४ पर्यंत अशीं अवघीं २८१ घड्याळें झालीं. त्यांतील बहुतेक पिवळ्या सोन्याचीं, कांहीं तांबूस सोन्याचीं, आणि पोलादाचीं ज्ञात अशीं चारच.

अशा घड्याळाचे मुख्य साक्षीदार तीन : यंत्रावरील अनुक्रमांक, डबीवरील अनुक्रमांक आणि पेढीचें दप्तर. पेढी आपल्या दप्तराचा उतारा देत आली आहे. त्यांत निर्मितीचें वर्ष व विक्रीची तारीख असते. मात्र त्या क्रमांकाचें घड्याळ पेढींतून कसें निघालें, एवढेंच त्यावरून ठरतें. बारनिशींत नोंद सांपडली म्हणून समोरचें पत्र अस्सल ठरत नाहीं, तसेंच हें.

म्हणून वस्तूसच प्रश्न विचारले पाहिजेत. १८८२ पासून स्वित्झर्लंडांत अठरा कॅरट सोन्यावर हेल्व्हेशियाच्या मुखाची व चौदा कॅरट सोन्यावर खारीची छाप असे. १९९५ सालीं त्यांच्या जागीं सेंट बर्नार्ड कुत्र्याचें मुख आलें. १९४५ सालच्या म्हणविणाऱ्या डबीवर हें मुख आढळल्यास ती मागाहून घडविली अगर मागाहून छापली गेली, हें निश्चित. तबकडीवरील सहीहि अशीच बोलकी आहे. सुमारें १९४८ पर्यंत ती ‘पाटेक, फिलिप आणि कंपनी’ अशी लांब असे. पुढें ‘कंपनी’ गळाली. १९५३ सालच्या घड्याळावर लांब सही दिसली तर परीक्षकानें तेथें थांबावें.

या पुराव्याचा खरा शत्रु चोर नव्हे, तर उजाळा देणारा हात होय. सोनें मऊ, पॉलिशाच्या प्रत्येक खेपेस पट्टा धरणाऱ्या बाहूंच्या कडा गोल होतात व छाप पुसट होते. तबकडीवरील अक्षरें कोरून, त्यांत मिना भरून भाजलेलीं असतात. ती घासतां घासतां प्रथम सहींतील बारीक चिन्हें नाहींशीं होतात. मग कोणी तीं रंगानें पुन्हां काढतो. फिकट शाईवर नवी लेखणी फिरविणाऱ्या कारकुनाहून हा निराळा नव्हे.

२०१६ सालीं जिनिव्हा येथील लिलावांत पोलादाचें १५१८ सुमारें १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांस गेलें. इजिप्तच्या राजकुलांतील तुसून यांचें तांबूस सोन्याचें घड्याळ २०२१ सालीं न्यूयॉर्क येथें सुमारें ९६ लाख डॉलरांस विकलें गेलें. एवढ्या किंमतींत धातूचा वांटा नगण्य आहे. मोल आहे तें दुर्मिळतेचें, अस्पर्शित स्थितीचें आणि मालकीच्या परंपरेचें. तेव्हां ज्यांच्या घरीं असें घड्याळ असेल त्यांनीं तें दुरुस्तीस देण्यापूर्वीं त्याचे क्रमांक, छाप व सही यांची नोंद व छायाचित्रें करून ठेवावींत, यंत्र अवश्य साफ करवावें, पण डबीस व तबकडीस हात लावूं देऊं नये. यंत्र बिघडलें तर सुधारतां येतें. पुसलेला पुरावा मात्र परत येत नाहीं.