गाठींचा हिशेब

वाशीम जिल्ह्यातील आसेगावची काळी माती पाहिली की वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आठवतो. अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा पुरवठा आटला, तेव्हा इंग्रजांची नजर इकडे स्थिरावली. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी बियाणे, बाजारपेठा, वाहतूक यांची तपशीलवार पाहणी केली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला. या पाहणीत गाठी मोजल्या गेल्या; त्या पिकवणारा हिशेबाबाहेर राहिला. १८९९-१९०० च्या दुष्काळात रुळांवरून धान्य येत होते, मात्र ते विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या गाठीला नव्हता. निर्यातीच्या सोयींवर पैसा घालताना आजही आधी विचारावे : माल बंदराला पोचेल, मोबदला आसेगावला पोचेल का?