बदलीवरचा जज

इंग्रजी सिरियली बघणाऱ्या मंडळींना 'फेडरल जज' ठाऊक असेल. राष्ट्राध्यक्षाने नेमायचा, सिनेटने मान्यता द्यायची, की खुर्ची तहहयात. निकाल पटला नाही म्हणून सरकारला त्याला उचलून दुसऱ्या गावी टाकता येत नाही.

आता आपले महादेव गोविंद रानडे घ्या. शाळेत त्यांना 'समाजसुधारक' म्हणून पाठ केलं (पाच मार्कांची टीप!), पण माणसाची रोजची नोकरी होती खालच्या कोर्टात दावे चालवायची. 1871 साली पुण्यात सबजज्ज झाले. हायकोर्टात पोचले थेट 1893 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तेही तेलंगांच्या निधनाने जागा रिकामी झाली तेव्हा.

मधली वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. दिवसा सरकारी न्यायाधीश, आणि संध्याकाळी सार्वजनिक सभेचं काम. सरकारला हे रुचणं शक्यच नव्हतं. 1878 मध्ये नाशिकला बदली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांचं बंड पेटलं, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाले, आणि त्याच महिन्यात रानड्यांची रवानगी धुळ्याला. तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जात होती. बंडाच्या बातम्या देणारी पत्रंही येऊ लागली, म्हणजे गळाला आमिष लावून बसण्यातलाच प्रकार. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे! रमाबाईंनी आठवणींत हे लिहून ठेवलंय. तक्रार नाही, राजीनामा नाही, कोर्टाचं काम चालूच. ह्याला काहीजण मवाळपणा म्हणतील. मला तरी तो हट्ट वाटतो.

आणि गंमत बघा. 1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यातून 1879 चा डेक्कन शेतकरी कायदा आला. ज्याच्यावर संशय घेतला त्याच रानड्यांना सरकारने 1881 मध्ये ह्या कायद्याच्या कामावर नेमलं, आणि 1887 मध्ये स्पेशल जज्ज केलं. कायदा भन्नाट होता. शेतकऱ्याचा अंगठा असलेलं खत पुढे केलं की काम भागलं, असं चालेना. व्यवहार पहिल्या दिवसापासून उकरायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, व्याजावर व्याज नाही. आमच्या भाषेत, नुसता आउटपुट बघायचा नाही, सगळा लॉग उघडायचा. पैशाच्या हुकुमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद. छोट्या दाव्यांत अपील नव्हतं. त्याऐवजी ह्या जज्जांनी गावोगाव फिरून खालच्या कोर्टांची दप्तरं तपासायची आणि चुकलेले निकाल दुरुस्त करायचे. तंबूतला मुक्काम, बैलगाडी, आणि समोर वह्यांचा ढीग.

हा कायदा लागू होता पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांना. आमचा जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. पैठणच्या पलीकडे नगर जिल्हा लागला की कुळाला सावकाराची वही कोर्टात उघडायला लावता येत होती; अलीकडे, 'सोन्याचा पाळणा' म्हणवणाऱ्या जालन्याच्या पेठेत, तो कायदा नव्हता.

बदलीचं म्हणाल तर आज खालच्या न्यायाधीशांच्या नेमणुका-बदल्यांवर हायकोर्टाचं नियंत्रण असतं, घटनेच्या कलम 235 प्रमाणे. कलेक्टरच्या मर्जीने जज्ज धुळ्याला जात नाही. रानड्यांना हे संरक्षण एक दिवसही मिळालं नाही. 16 जानेवारी 1901 ला गेले तेव्हाही ते हायकोर्टाचे न्यायाधीशच होते.