बोन्सायवरील तारेचे व्रण

बोन्सायच्या खोडाला किंवा फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतल्यामुळे उमटणाऱ्या सर्पिल खाचांना तारेचे व्रण म्हणतात. या कामासाठी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची अथवा तापवून मऊ केलेली तांब्याची तार वापरली जाते. फांदी जाड होत जाते, तार मात्र सैल होत नाही. परिणामी वेढ्याच्या दोन्ही बाजूंना साल फुगते आणि मध्ये चर पडतो. तार तशीच राहिल्यास सालीतील परिकाष्ठावर दाब येऊन अन्नरसाच्या वहनात अडथळा येतो व कालांतराने तार लाकडात गाडली जाते.

तार किती काळ ठेवावी याचे ठरावीक कोष्टक नाही. जपानी मेपलसारख्या पानझडी वृक्षात वाढीच्या हंगामात ती काही आठवड्यांतच रुतू शकते, तर सावकाश वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांवर अनेक महिने राहू शकते. महाराष्ट्रात बोन्साय म्हणून वाढवले जाणारे वड, पिंपळ व उंबर पावसाळ्यात जोमाने वाढतात. त्या दिवसांत तार वरचेवर तपासावी लागते.

उपचार

तार रुतू लागलेली दिसताच ती काढणे हा पहिला उपचार होय. पुन्हा वापरता यावी म्हणून ती उलगडण्याचा मोह महागात पडतो, कारण त्यात साल सोलली जाते आणि कळ्या तुटतात. त्याऐवजी तार कापण्याच्या कात्रीने प्रत्येक वेढा वेगळा तोडून तुकडे उचलतात. साल फाटलेल्या जागी जखमेवर लावण्याचा लेप देतात. त्याने जखम सुकत नाही, मात्र खाच भरून येत नाही. ती केवळ नव्या वाढीनेच भरते. म्हणून अशी फांदी काही काळ न छाटता मोकळी वाढू देतात. वळण टिकले नसल्यास पुन्हा तार बांधताना ती जुन्या खाचेतून न नेता उलट दिशेने गुंडाळतात.

उथळ व्रण काही वर्षांत पुसट होतात. जपानी काळ्या पाइनची खडबडीत साल ते लवकर झाकते. मेपल वा बीचच्या गुळगुळीत सालीवर ते दीर्घकाळ दिसतात. फार खोल व्रण असलेली फांदी छाटून नवी वाढवणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. जूनिपरमध्ये अशा फांदीची साल काढून तिचे ‘जिन’, म्हणजे शोभेचे मृत काष्ठ, करता येते.

कोवळ्या पाइनचे खोड लवकर जाड व्हावे म्हणून काही जोपासक तार मुद्दाम रुतू देतात.