मैदानाच्या कडेची जाणकार

फुटबॉल म्हटले की गोव्यातील किंवा हैदराबादेतील रसिकाच्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ निराळा आहे. तेथील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हाती घेऊन धावावयाचे, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे. नवख्या प्रेक्षकास ही केवळ झोंबाझोंबी वाटते. परंतु तिच्यामागे बुद्धिबळासारखा हिशेब असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून कोणी कोठे उभे राहावे, कोणी कोणास अडवावे, हे प्रत्येक प्रयत्नापूर्वी ठरलेले असते. हा हिशेब स्त्रियांच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे पुष्कळ काळ मानले गेले. या खेळाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

महाविद्यालयांमधील पहिला सामना रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात १८६९ साली झाला. त्या ओबडधोबड खेळाला शिस्त लावली ती येल येथील वॉल्टर कॅम्प यांनी. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याचा १८८२ सालचा नियम त्यांच्याच पुढाकाराने झाला. १९१२ साली त्याचे चार प्रयत्न व दहा यार्ड झाले. कॅम्प यांना अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणतात. परंतु त्यांच्या घरातील दुसऱ्या जाणकाराचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१८८८ च्या जूनमध्ये त्यांचा विवाह अॅलिस समनर यांच्याशी झाला. कॅम्प न्यू हेवन येथील घड्याळांच्या कंपनीत नोकरीस होते, आणि येलच्या मुलांचा सराव चाले दुपारी. कचेरी सोडून जाणे त्यांना शक्य नसे. तेव्हा अॅलिसबाई मैदानावर जाऊ लागल्या. कडेकडेने फिरत, कोणता गडी कोठे चुकला, कोणती चाल साधली, हे त्या टिपून ठेवीत आणि संध्याकाळी पतीस सांगत. मग संघातील प्रमुख मुले कॅम्प यांच्या घरी जमत व दुसऱ्या दिवसाचा बेत ठरे. त्या हंगामात येलने तेरा सामने खेळले आणि तेराही जिंकले. एकाही प्रतिपक्षास एकही गुण मिळाला नाही.

येल कॉलेजच्या पदवीवर्गांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली. म्हणजे ज्या वर्गात अॅलिसबाईंना बसता आले नसते, त्याच वर्गातील मुलांच्या खेळाची उजळणी त्यांच्या टिपणांवरून होत होती. त्या संघातील अॅलोन्झो स्टॅग पुढे शिकागो विद्यापीठात नामांकित प्रशिक्षक झाले. त्यांच्या पत्नी स्टेलाबाई याही प्रतिपक्षाचा खेळ पाहून त्याच्या चाली कागदावर मांडीत.

प्रेक्षकांतही स्त्रियांची उणीव नव्हती. आपापल्या विद्यालयाच्या रंगांच्या फिती लावून त्या मोठ्या उत्साहाने सामन्यास येत. परंतु सामन्यांच्या वर्णनांत त्यांच्या पोशाखास जागा मिळे, मतास क्वचितच. पाहणाऱ्या स्त्रीचे कौतुक होई. जाणणाऱ्या स्त्रीला मात्र पद नव्हते.

ही दारे फार सावकाश उघडली. १९७१ साली ओहायो राज्यातील टोलेडो शहरात स्त्रियांचा टोलेडो ट्रूपर्स हा संघ उभा राहिला. त्यांच्या खेळात पाडापाडीची सूट नव्हती. पुरुषांप्रमाणेच त्या टक्कर घेत. याच संघाच्या लिंडा जेफरसन यांना १९७५ साली स्त्रियांच्या एका क्रीडा मासिकाने वर्षातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून गौरविले. १९७६ साली ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने लेस्ली व्हिसर यांच्याकडे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाच्या वार्तांकनाचे काम सोपविले. पत्रकारांच्या कक्षात स्त्रिया व मुले यांस मज्जाव, अशी सूचना त्यांच्या प्रवेशपत्रावरच छापलेली होती! सामना संपल्यावर मोटारी उभ्या करण्याच्या जागेत थांबून त्यांना खेळाडूंना गाठावे लागे. याच व्हिसरबाईंचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमने २००६ साली सन्मान केला. पुढे सारा थॉमस या २०१५ साली नॅशनल फुटबॉल लीगच्या पहिल्या कायम स्त्री-पंच झाल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी सुपर बोल या अंतिम सामन्यातही पंचगिरी केली.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन तेथे भरले होते. गड्याला न पाडता त्याच्या कमरेची पट्टी ओढून अडविण्याचा जो सौम्य प्रकार आहे, त्या फ्लॅग फुटबॉलला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्थान देण्याचा निर्णय तेथेच झाला. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठीही.

अॅलिसबाईंच्या टिपणांपासून या निर्णयापर्यंत १३५ वर्षे गेली. एवढा काळ स्त्रियांना हा खेळ समजून घेण्यास लागला नाही. त्यांना तो समजतो, हे इतरांनी मान्य करण्यास लागला.