रात्रीचे राग आणि दहाचा ठोका

संगीताचा इतिहास लिहिताना आपल्याकडे गवयांची चरित्रे व घराण्यांच्या वंशावळी ह्यांचा पुष्कळ खल होतो. श्रोत्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः मैफल ही गाणारा व ऐकणारा ह्या उभयतांच्या सहकार्याने सिद्ध होणारी वस्तू आहे. गवई काय गाऊ शकेल हे त्याच्या तालमीवर अवलंबून असते; पण तो काय गाईल हे पुढे कोण बसले आहे, किती वेळ बसणार आहे आणि कोणत्या प्रहरी बसले आहे, ह्यावर ठरते. ज्या गवयांनी आमचे तारुण्य सुखाचे केले त्यांचे स्मरण करताना त्यांच्या गळ्याबरोबरच आणखी एका गोष्टीविषयी लिहिणे म्हणूनच आम्हाला अगत्याचे वाटते. ती गोष्ट म्हणजे रात्र.

रात्रभर बसून गाणे ऐकण्याची सवय महाराष्ट्राला मुख्यतः नाटकाने लावली. देवळांतील कीर्तन-भजनांनी जमीन आधीच नांगरून ठेवली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढे निदान दोन पिढ्या संगीत नाटक ही मराठी माणसाची गाण्याची शाळा होऊन बसली. पदांना 'वन्समोअर' मिळावेत, खेळ लांबत जावा आणि प्रेक्षकांनी उजाडता उजाडता घरी परतावे, ह्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. ह्याच काळात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली, अल्लादियाखां कोल्हापूर दरबारी स्थिरावले आणि किराण्याच्या अब्दुल करीमखांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे ते मिरजेस राहिले. खांसाहेबांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर ह्यांनी तर रंगभूमी व बैठक अशी दोन्ही क्षेत्रे गाजविली, आणि 'सवाई गंधर्व' ह्या नावाने लोक त्यांना ओळखू लागले. नाटकाचा श्रोता व बैठकीचा श्रोता हे दोन निराळे प्राणी नव्हते, हे ह्या एका नावावरूनही ध्यानात येईल.

आता रात्रीचा व रागाचा संबंध काय, ते पाहू. बीथोव्हेनची रचना सकाळी ऐकावी की सायंकाळी, असा प्रश्न युरोपियन श्रोत्यास पडत नाही. आपल्या हिंदुस्थानी पद्धतीत मात्र रागाला प्रहर आहे. मारवा-पूरिया सूर्यास्ताचे, यमन व भूप त्यामागून येणारे, बागेश्री त्याहून उशिराची, दरबारी व मालकंस मध्यरात्रीकडे झुकलेले, मग सोहनी-परज, आणि उजाडण्याच्या उंबरठ्यावर ललित. भातखंड्यांनी ह्या व्यवस्थेला शास्त्राचे रूप दिले आणि स्वर व समय ह्यांचे नाते लावून दाखविले. ते सर्वस्वी निसर्गसिद्ध आहे असा आमचा आग्रह नाही. कर्नाटक संगीत ह्या बंधनाची फारशी पर्वा न करता समृद्ध झालेच आहे. परंतु शेकडो वर्षांच्या संकेताने जे भाव स्वरांना चिकटले, ते केवळ तर्काने पुसले जात नाहीत. ललितातील दोन मध्यम लागोपाठ लागले की आमच्या डोळ्यांपुढे पहाट उभी राहते. ती त्या संकेताचीच करामत.

सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. १९८७ च्या सुमारास आम्ही महाविद्यालयात शिकत असता प्रथम त्या मंडपात गेलो, तेव्हा त्या स्मरणोत्सवाची यात्रा झालेली होती. डिसेंबरची थंडी, जमिनीवरची बैठक, अंगावर शाल वा घोंगडी, कडेला चहाची किटली, आणि आपल्या शेजारी कोणी पेन्शनर, कोणी शाळामास्तर, तर कोणी खेड्यावरून एस. टी. ने आलेला हार्मोनियमवाला. रात्र चढत जाई तसे हौशी लोक गळत जात आणि दोनाच्या पुढे मंडपात फक्त गरजवंत उरत. त्या गळतीनंतर जे गाणे होई, ते संध्याकाळच्या गाण्यापेक्षा निराळ्या जातीचे असे. टाळ्या कमी होत. 'वाहवा' ही हळू निघे. गवई घाई करीत नसे.

मल्लिकार्जुन मन्सूर तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले होते. कृश देह, पांढरे धोतर, आणि पहिल्या आवर्तनापासून दमसासाचा असा पुरावा की तरुणांनी माना खाली घालाव्यात. अल्लादियाखांचे पुत्र मंजीखां व भुर्जीखां ह्यांची तालीम त्यांना मिळालेली. त्यामुळे नटाचे वा बिहागाचे जे प्रकार इतरत्र नुसते नावाने ऐकावेत, ते त्यांच्या गळ्यात घरच्या माणसांसारखे वावरत. कुमार गंधर्वांची गोष्ट निराळी. ऐन तारुण्यात क्षयाने एक फुप्फुस निकामी केलेला हा गृहस्थ लहान लहान श्वासांतून स्वर असा फेकी की मागची शांतताही त्याच्या रचनेचा भाग व्हावी. त्यांचे तंबोरे जुळत असतानाच अर्धी मैफल होऊन जाई. किशोरी आमोणकरांना तर श्रोत्यांची लहानशी चुळबूळही खपत नसे. त्याविषयी लोक कुरकुरत. पण आलाप सुरू झाल्यावर तेच लोक श्वास जपून घेत.

ह्या साऱ्यांवर कळस चढे तो अखेरच्या पहाटे. गुरुबंधू फिरोज दस्तूर, गुरुभगिनी गंगूबाई हनगल आणि स्वतः भीमसेन, असा एका गुरूचा परिवार तेथे एकत्र दिसे. मुंबईचे पारशी गृहस्थ, हुबळीच्या बाई आणि गदगचे जोशीबुवा ह्या तिघांत भाषा, धर्म, जात ह्यांपैकी एकही धागा सामाईक नव्हता. धागा होता तो एका षड्जाचा. रात्रीच्या शेवटी भीमसेन गात तेव्हा मंडपाच्या कडांतून उजेड आत येऊ लागलेला असे. ललित वा तोडीच्या विलंबित ख्यालात तो उजेड आणि तो स्वर ह्यांपैकी कोण आधी आला, हे सांगता येऊ नये, अशी त्या वेळची अवस्था. समाप्तीस सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावीत. गेलेल्या गुरूने शिष्यांच्या गाण्यावर शेवटचा हात फिरवावा, तसे ते वाटे.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी झाली. २००२ च्या दुरुस्तीने वर्षातील पंधरापर्यंत दिवस बारा वाजेतो सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या बंधनांवर शिक्कामोर्तब केले. ह्या कायद्याविरुद्ध आमची तक्रार नाही. आजाऱ्याची झोप आणि विद्यार्थ्याचा अभ्यास ह्यांचा हक्क आमच्या दरबारीपेक्षा मोठा आहे. शिवाय उत्सव दुपारी सुरू होऊ लागल्यामुळे मुलतानी, भीमपलास, सारंगाचे प्रकार ह्या दिवसाच्या रागांना मोठा श्रोतृवर्ग लाभला, हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु नियम नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. बंदी आहे ती उघड्या जागी. चार भिंतींच्या सभागृहात रात्रभर गाणे होण्यास ह्या नियमाची आडकाठी नाही. मग आपल्या शहरांतून रात्रीची बैठक का लोपली? आमच्या मते कायद्याने एक दरवाजा लावला, आणि उरलेले आपण आपल्या हाताने लावून घेतले. सभागृहाचे भाडे तासांवर मोजले जाते; सकाळी कचेरी असते; आणि दीड तासात दोन राग, एक ठुमरी व एक अभंग असा आटोपशीर बेत गवई व श्रोते दोघांनाही सोयीचा झाला आहे. हजारोंच्या मंडपाची सवय झाल्यावर शंभर माणसांची बैठक आपल्याला दरिद्री वाटू लागली. अल्लादियाखां व अब्दुल करीमखां ह्यांची कीर्ती अशाच बैठकींतून पसरली होती, ह्याचा विसर पडला.

कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रणे आहेत. ललित हवा तर सकाळी अकरा वाजता घरबसल्या ऐका. आम्हीही ऐकतो, आणि त्या यंत्राचे उपकार मानतो. पण ध्वनिमुद्रण हे झालेल्या गाण्याचे दप्तर आहे. होऊ घातलेल्या गाण्याची निकड त्यातून उत्पन्न होत नाही. ज्या विद्यार्थ्याला पहाटे चार वाजता गाण्याचा प्रसंग जन्मात येणार नाही, तो परज शिकेल तो परीक्षेपुरता. त्यात नवे काही सुचण्यासाठी लागणारी ती वेळ, तो थकवा आणि समोर जागे असलेले ते चार कान त्याला मिळणार नाहीत. राग पोथीत राहील, स्वरलिपीत राहील. गळ्यातून मात्र ओसरत जाईल.

मन्सूर व कुमार १९९२ मध्ये गेले; दस्तूर २००८, गंगूबाई २००९, भीमसेन २०११ आणि किशोरीताई २०१७ मध्ये गेल्या. माणसे जायचीच, त्यांच्यासारखी पुन्हा होतील की नाही, ही चिंता आम्ही करीत नाही, कारण आजही तयारीचे गळे पुष्कळ आहेत. चिंता आहे ती त्यांना रात्र मिळण्याची. वर्षातून एकदा, एखाद्या गावच्या लहानशा सभागृहात दारे लावून शंभर माणसांनी तंबोऱ्यापुढे उजाडेपर्यंत बसावे, एवढेच ह्यासाठी पुरे आहे. खर्च फारसा नाही, परवान्याचीही यातायात नाही. एका रात्रीची झोप मात्र द्यावी लागेल. आमच्या आजोबांच्या पिढीने ती नाटकासाठी आनंदाने दिली होती.