पिले (किरणोत्सर्ग मात्रामापक)

पिले हे अंतराळवीरांना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा अंतराळातच मोजणारे, हंगेरीत विकसित झालेले उपकरण आहे. हंगेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ फुलपाखरू असा होतो. मराठीतील 'पिले'शी त्याचा संबंध नाही.

कार्यतत्त्व

हे उपकरण थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजेच तापसंदीप्ती, या गुणधर्मावर चालते. काही स्फटिकांवर किरणोत्सर्ग पडला की त्यांतील इलेक्ट्रॉन मूळ जागा सोडून स्फटिकातील दोषस्थानी अडकून पडतात. स्फटिक तापवल्यावर ते सुटतात आणि प्रकाश बाहेर पडतो. प्रकाश जितका अधिक, तितकी शोषलेली मात्रा अधिक. वाचनानंतर तोच स्फटिक पुन्हा वापरता येतो. पिलेमध्ये डिस्प्रोसियमचा अल्पांश मिसळलेले कॅल्शियम सल्फेट काचेच्या निर्वात बल्बमध्ये बसवलेले असते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतातील किरणोत्सर्ग-कर्मचाऱ्यांसाठी विकसित केलेल्या बिल्ल्यांतही हेच द्रव्य असते.

वापर

पूर्वी असे मापक मोहीम संपल्यावर पृथ्वीवर आणूनच वाचावे लागत. मात्रा कळे, पण ती टाळण्याची वेळ निघून गेलेली असे. बुडापेस्ट येथील केंद्रीय भौतिकी संशोधन संस्थेने वाचकयंत्र यानात नेता येईल इतके लहान केले. १९८० मध्ये बर्टालान फारकाश या पहिल्या हंगेरियन अंतराळवीराने सॅल्यूत-६ स्थानकावर ते प्रथम वापरले. १९८४ मध्ये सॅली राइड यांनी ते चॅलेंजर यानातून नेले. पुढे मीर आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही त्याचा वापर झाला. स्थानकाबाहेर पडणारा अंतराळवीर एक मापक सोबत नेतो व परतताच त्याचे वाचन होते. वाचकयंत्रात ठेवलेला दुसरा मापक दर ९० मिनिटांनी, म्हणजे साधारण एका प्रदक्षिणेगणिक, आपोआप वाचला जातो. त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरील तीव्र प्रारणपट्ट्यातून जाताना मिळणारी मात्राही वेगळी काढता येते.

मर्यादा

वैश्विक किरणांतील लोहासारख्या जड अणुकेंद्रकांची मात्रा असे स्फटिक कमी दाखवतात, आणि जैविक हानी तर हीच केंद्रके अधिक करतात. म्हणून त्यांच्या जोडीला कणांचे माग उमटवणारे प्लास्टिकचे शोधकही ठेवतात. शिवाय शरीराबाहेरच्या मापकावरून आतील अवयवांची मात्रा थेट कळत नाही. २००४ मध्ये स्थानकाबाहेर बसवलेल्या मात्रोश्का या मानवाकृतीत हजारो तापसंदीप्त मापक होते. बाहेरील मापक शरीराची प्रभावी मात्रा प्रत्यक्षाहून बरीच जास्त दाखवतो, असे तीवरून दिसले. नासाने अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट ठरवलेली असल्याने हा फरक नोंदवहीपुरता राहत नाही. पुढच्या उड्डाणाची संधी त्यावर अवलंबून असू शकते.